खुंटी खाली आणा

(कोल्हापुरातल्या एका पालकसभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. पुढं आया बसल्यात, आज्ज्या बसल्यात आणि बाबालोक सगळे मागं दाराजवळ. बाबांनो, पुढं या की. आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुम्हालाच करायचं आहे. एक तर भिंतीत खिळा ठोकायचा आहे.

मी बालवाडीची बाई. आईवडील मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले आहेत. "बाई, तुमच्याकडं एवढी पोरं गप ऐकतात आणि आमचं एकुलतं एक घरात ऐकत नाही. तुम्ही करता तरी काय?" खरं सांगायचं तर बालवाडीची बाई फार काही करत नाही. खोली करते. दप्तराची खुंटी पोराच्या खांद्याएवढ्या उंचीवर असते. पाण्याचा तांब्या त्याला उचलेल एवढाच असतो. चपला कुठं काढायच्या तिथं खडूनं पावलं काढलेली असतात. त्यामुळं "चप्पल नीट ठेव" असं ओरडायची पाळीच येत नाही. पावलावर पाऊल ठेवून बघायला पोरांना मजा वाटते, आणि चपला रांगेत लागतात.

ही युक्ती माझी नाही, मोठ्या माणसांची आहे. आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते तुम्हाला पाठच आहे. पण शाळेच्या वयाआधीच्या पोरांचं काय, हा विचार गिजुभाई बधेकांनी भावनगरला केला आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो आपल्याकडं आणला. ताराबाईंनी 1945 मध्ये डहाणूकडच्या आदिवासी भागात, बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडला नेलं. अनुताई वाघ जोडीला होत्या. माँटेसरी बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं त्या आदिवासी पाड्यांवर कुठून आणणार? त्यांनी खडे, शंखशिंपले, पानं, बिया घेतल्या. पोरं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पोराला ओढून आणण्यापेक्षा पोराच्या भोवतीचं बदललं. आपल्याला घरात तेवढंच करायचं आहे.

म्हणून पहिलं काम खिळ्याचं. घरात पोराच्या हाताला येईल अशी एक खुंटी, एक खालचा कप्पा, आणि बेसिनपाशी एक भक्कम पाट. पोरगं स्वतः टॉवेल काढतं, स्वतः हात धुतं, स्वतःचे कपडे काढून आणतं. हात धुताना पाणी सांडेल, सांडू दे, शेजारी एक फडकं ठेवा आणि पुसायचं कामही त्यालाच द्या. डावा-उजवा बूट कळत नसेल तर एखादं वाघाचं नाहीतर फुलपाखराचं स्टिकर मधोमध कापा. एक तुकडा डाव्या बुटाच्या आत, एक उजव्याच्या. बूट शेजारी ठेवून चित्र जुळलं की पाय बरोबर.

आता बोलण्याकडं येऊ, कारण सकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही पेठेतून चाललात तर घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं. "आवर की लवकर!" मला सांगा, तीन वर्षांच्या पोरानं यातून काय समजायचं? आवर म्हणजे नेमकं काय कर? त्याला काम सांगा. "मोजे घाल." ते झालं की पुढचं. एका वेळी एक. आणि स्वयंपाकघरातून ओरडून नको. जवळ जा, खाली बसा, खांद्यावर हात ठेवा, नाव घ्या, मग सांगा. यात वीस सेकंद जातात. ओरडण्यात पंधरा मिनिटं जातात आणि डोकं उठतं ते वेगळं.

"पळू नको", "सांडू नको", "हात लावू नको". या नको-नकोत काय करायचं ते कुठंच नाही. "माझं बोट धर" म्हणा. "पेला दोन्ही हातांनी धर" म्हणा. पोरं हे लगेच करतात, कारण करण्यासारखं काहीतरी मिळालेलं असतं.

वेळेचंही तसंच. बागेतून निघताना "अजून पाच मिनिटं" म्हणता, पण पाच मिनिटं म्हणजे किती हे त्या वयात कळत नाही. रंकाळ्यावर असा, महावीर उद्यानात असा, "अजून तीन घसरगुंड्या, मग घरी" म्हणा. मोजा मोठ्यानं. तिसरी झाली की निघायचं म्हणजे निघायचं. तुम्हीच कुणाशी बोलत उभ्या राहिलात की पुढच्या खेपेला तुमच्या तीनला किंमत राहत नाही.

जिथं पर्याय नाही तिथं प्रश्न विचारू नका. "दूध पितोस का?" असं विचारलं की तो नाहीच म्हणणार, तुम्हीच त्याला दार उघडून दिलंत. "दूध निळ्या कपात देऊ का स्टीलच्या पेल्यात?" असं विचारा. दूध ठरलेलं आहे, कप त्याचा. दोनच पर्याय द्या. चार दिलेत की चौघांनाही नाही म्हणेल.

महाद्वार रोडवर खेळण्यांच्या दुकानासमोर पोरगं लोळतं आणि जाणारा-येणारा बघतो, तो प्रसंग बहुतेकांनी भोगलाय. (हशा) हसताय म्हणजे बरोबर आहे. त्या वेळी भाषण देऊ नका, त्याला काही ऐकू येत नसतं. जवळ बसा, लागू देऊ नका, थोडंच बोला. आणि द्यायचंच असेल तर रडायच्या आधी द्या. रडल्यावर दिलंत की रडणं हाच दुकानाचा रस्ता आहे हे तो शिकला. निम्मे हट्ट भुकेचे आणि झोपेचे असतात. दुपारची झोप बुडवून खरेदीला नेऊ नका. घरातून निघतानाच सांगा, "आज फक्त वही घ्यायची आहे."

जेवण. आता आपण कोल्हापूरकर, पोराला दात आले की तांबड्या रश्श्याचं बोट लावून बघायची हौस. हौस ठीक आहे, पण पोराच्या वाटणीचं तिखट घालायच्या आधी काढून ठेवा. भाकरी दुधात कुस्करा, पांढऱ्या रश्श्यात मिरे बेतानं घाला. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं ठरवू नका. आठ-दहा वेळा, थोडी थोडी, त्याच्या ओळखीच्या पदार्थाशेजारी ठेवा, काही न बोलता. काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. ताट घेऊन गच्चीभर पोरामागं पळणाऱ्या आज्ज्या इथं आहेत, मला माहीत आहे. पळणं बंद करा. पुढच्या जेवणाला भूक लागेल.

इथं मात्र मी जरा आवाज चढवणार आहे. पाच वर्षांखालच्या पोराच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे द्यायचे नाहीत. भडंगातले दाणे वेचून काढा. दाणा श्वासनलिकेत अडकतो. आपल्याकडं शेंगा म्हणजे घरचाच खाऊ, म्हणून कुणाला धोका वाटत नाही. कूट करून द्या, लाडू करून द्या. द्राक्षं उभी चिरून द्या. खाताना पळायचं नाही, बसून खायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, रीत असली तरी नाही, त्यातून जंतूंची गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि गंगावेशीत समोर म्हैस पिळून मिळणारं धारोष्ण दूध पैलवानांना शोभतं. लहान पोराला मात्र दूध उकळूनच.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. नखं झोपल्यावर कापा. डोक्यावर पाणी घालताना "वर बघ, पाल कुठं आहे" म्हणा, मान वर जाते आणि साबण डोळ्यांत जात नाही. औषध वाटीभर दुधात मिसळू नका, दूध उरलं की औषध उरलं. बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. ब्रशवर पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी.

मोबाइलबद्दल बोला म्हणून चिठ्ठी आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. काढून घ्यायच्या वेळी हाताला काम द्या. कणकेचा गोळा, भांड्यांचा ढीग, वाटाणे सोलणं. आणि जेवताना तुमचाही फोन दुसऱ्या खोलीत. ते नसेल तर बाकीचं सगळं फुकट आहे.

आता यात्रा. चैत्रात जोतिबाचा डोंगर, नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीची गर्दी. आपण तान्ही पोरंसुद्धा नेतो. जाताना पोराच्या हातावर कोपराच्या आत बॉलपेननं तुमचा मोबाइल नंबर लिहा. निघायच्या आधी त्याचा त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढा, म्हणजे शर्ट कुठला होता यावर नवरा-बायकोचं भांडण होत नाही. त्याला तुमचं खरं नाव पाठ पाहिजे. "आईचं नाव काय?" विचारलं की बरीच पोरं "आई" सांगतात. घरी रोज एकदा विचारा, नाव, वडिलांचं नाव, पेठ. हरवलास तर जिथं आहेस तिथंच उभा राहा, हेही शिकवा. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक 1098 तुमच्या फोनमध्ये असू द्या.

आणि यातच आज्जी-आजोबांना एक हात जोडून विनंती. "जेव, नाहीतर पोलीस घेऊन जाईल" हे बंद करा. यात्रेत हरवलेल्या पोरानं पोलिसाकडं जायचं आहे, आणि आपण वर्षभर त्याला पोलिसाचीच भीती घातलेली असते. तसंच डॉक्टरचं. ताप आल्यावर ज्याच्याकडं न्यायचं त्याच्याच सुईचा धाक दाखवून आपण पोराला जेवू घालतो. बुवा-बागुलबुवाही नको, पण तो निदान दवाखान्यात तरी भेटत नाही.

झोपेचं एवढंच की रोज एकच क्रम ठेवा. पाय धुणं, दात, गोष्ट, दिवा. तीन-चार वर्षांच्या पोराला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. आपल्याकडं पाहुणे उठतात रात्री अकराला आणि पोरगं तोवर जागं असतं, मग सकाळी "आवर की" सुरू होतं.

शेवटची चिठ्ठी एका बाबांची आहे, नाव वाचत नाही. "मुलगा अडीच वर्षांचा, संडासात बसायला घाबरतो आणि अंथरूण ओलं करतो." हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बरीच पोरं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात. दोन-दोन तास चड्डी कोरडी राहते, लागली की सांगतो, स्वतः चड्डी खाली करतो, एवढं दिसलं की सुरू करा, शेजारणीच्या पोराचं कधी झालं ते बघू नका. मोठ्या भांड्याची, फ्लशच्या आवाजाची भीती खरी असते. छोटं भांडं आणा, कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळत राहिले तर पोराला जोर करता येत नाही. फ्लश तो बाहेर गेल्यावर ओढा, आठवड्यानं त्यालाच ओढायला लावा. रात्रीचं मात्र त्याच्या हातात नाही. पाच वर्षांपर्यंत बरीच पोरं अंथरूण ओलं करतात, रागावून ते थांबत नाही. झोपायच्या आधी एकदा सू करवून आणा, चादरीखाली मेणकापड अंथरा आणि तुम्हीही झोपा.