कातरवेळेचा कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या रविवारी माझा भाचा पुण्याहून दापोलीला आला होता. जाताना त्याने आपला कॅमेरा आठवडाभरासाठी माझ्याकडे ठेवला. "मामा, वापरून बघा आणि मग काय ते सांगा," म्हणाला. शर्टाच्या खिशात मावेल एवढासा, तीनशे ग्रॅमच्या आतला. मी वीस वर्षं मोठा कॅमेरा आणि भिंगांची पिशवी खांद्यावर वागवलेला माणूस. एवढ्याशा डबीत काय असेल, हे मलाही बघायचंच होतं.

आता बघायचं कुठे? दुकानात लखलखाट असतो, तिथे सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. भर दुपारी मुरुडच्या पुळणीवर तर फोनसुद्धा झकास फोटो काढतो. कॅमेऱ्याची परीक्षा कातरवेळी होते. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी हर्णैला गेलो.

ज्यांनी हर्णैचा संध्याकाळचा लिलाव पाहिलाय त्यांना ते दृश्य सांगायला नको. होड्या जरा आत, पाण्यात उभ्या. मासळी उतरवायला बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत लाटांत शिरतात. किनाऱ्यावर पापलेट, सुरमई, बांगड्यांचे ढीग, भोवती बायकांचा गराडा, आणि समोर सुवर्णदुर्ग हळूहळू काळा पडत जातो. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात हे सगळं निळ्या अंधारात विरघळतं. मला तोच अर्धा तास हवा होता.

या कॅमेऱ्याचं मर्म त्याच्या सेन्सरमध्ये आहे. सेन्सर म्हणजे भिंगामागची, प्रकाश टिपणारी आयताकृती चिप. याला 'एक इंची' म्हणतात, पण मोजाल तर तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. ते नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळीच्या मापावरून आलंय. साध्या छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ चौपट झालं. पाऊस पडत असताना अंगणात तांब्या ठेवा आणि शेजारी परात ठेवा. सर तीच, पण कशात किती पाणी साठतं बघा. २०१२ साली सोनीने आरएक्स १०० काढला आणि ही परात खिशात आली. पुढच्या वर्षी रिकोच्या जीआरने आणि २०१४ मध्ये पॅनासॉनिकच्या एलएक्स १००ने छोट्या अंगात याहूनही मोठे सेन्सर बसवले. कॅमेरा घेताना मेगापिक्सेल आणि झूमचे आकडे विचारण्याआधी हे माप विचारा, असं मी मनापासून सांगेन.

सेन्सरइतकंच महत्त्व अॅपर्चरचं, म्हणजे भिंगाच्या छिद्राचं. या कॅमेऱ्याचं छिद्र एफ १.८पर्यंत उघडतं; एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. एफ ४च्या मानाने तिथे जवळजवळ पाचपट उजेड आत येतो. बंदरावर दिवे लागले तेव्हा मी आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याच्या संवेदनशीलतेचा आकडा, १६०० ठेवला, शटर एक साठांश सेकंद, आणि एका मावशींचे पाटीत मासे रचणारे हात टिपले. "आमचा काय फोटो काढतोस, मावऱ्याचा काढ," म्हणाल्या, आणि हसून पुन्हा कामाला लागल्या. फोन अंधारात एकामागून एक फोटो घेऊन ते एकमेकांवर जुळवतो. स्थिर दृश्याला ते छान जमतं, पण चालत्या हातांची बोटं फरफटलेली दिसतात. इथे बोटांना चिकटलेले खवले वेगवेगळे दिसत होते. मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि खरं सांगतो, हरखून गेलो.

पापलेटांनी मात्र दमवलं. अंधाऱ्या वाळूवर दिव्याखाली चांदीसारखा ढीग. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो, काळोख उजळायला जातो आणि मासे पांढरे फटक होतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, एक पायरी खाली आणल्यावर त्यांची निळसर झाक परत आली. रॉ फाइलही, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, ठेवली होती, त्यामुळे घरी सावल्या थोड्या उचलता आल्या.

बैलगाड्या काही मिळाल्या नाहीत. त्या लांब होत्या, आणि झूम केलं की छिद्र लहान होत जातं. मग शटर मंद ठेवावं लागतं आणि चालतं चाक पुसट होतं. शिवाय कॅमेऱ्याचं अंग गुळगुळीत, खाऱ्या ओल्या हातातून निसटतं. मनगटाला दोरी अडकवल्याशिवाय होडीत चढू नका. आणि आपल्याकडची मोठी भीती म्हणजे वाळू. कॅमेरा चालू केला की भिंगाची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते. तिच्या फटीत वाळूचा एक कण बसला तरी पुरे, कारण हे भिंग घरी काढून पुसता येत नाही. मी घरी आल्यावर जरा ओलसर फडक्याने मीठ पुसतो, मग कोरड्याने, आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. माझं एक जुनं भिंग तसंच गेलं.

बुधवारी रत्नागिरीला काम होतं, तिथून उक्षीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, कातळात कोरलेला हत्ती बघायला गेलो. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. दुपारी गेलं तर जांभ्यातल्या त्या रेषा डोळ्यांना नीट लागत नाहीत. ऊन डोक्यावर असतं, खाचेत सावली पडत नाही. सूर्य अगदी खाली आला तेव्हा मी कॅमेरा जवळजवळ कातळाला टेकवला आणि मागचा पडदा वर वळवला. मोठ्या कॅमेऱ्याने असंच करायला मला पालथं पडावं लागलं असतं. तिरकं ऊन खाचांत शिरलं, एकेका रेषेला सावली आली आणि हत्ती दगडातून उठून आला. पाचेक मिनिटं. मग सूर्य गेला आणि कातळ पुन्हा सपाट झाला.

भाचा येत्या रविवारी कॅमेरा न्यायला येतोय. त्याआधी मला एक संध्याकाळ आहे. पुन्हा हर्णैला जाणार आहे, ओहोटी बघून, चपला काढून, पाण्यात बैलगाड्यांच्या शेजारी उभा राहायला.

नमस्कार.