चार टेरियर आणि एक दार

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतलं भाषण. बोलण्यातली पाल्हाळ थोडी छाटली आहे, सगळी नाही.)

कूलरसमोरची जागा सोडून इथवर आलेल्या मंडळींनो, नमस्कार.

पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘चार टेलरांचं घर’ असं छापलं गेलंय. मघाशी एका काकांनी मला विचारलं, फक्त ब्लाउजच शिवता की पॅन्टही? काका, टेलर नाही, टेरियर. कुत्र्याची जात आहे ती. अर्थात आमच्या घरातले पडदे, उशा, गाद्या यांचा हिशेब मांडला तर छापखान्याचं फार चुकलं असं नाही म्हणता येणार.

मी तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे सुरुवात मातीपासून करते. ‘टेरा’ म्हणजे लॅटिनमध्ये जमीन. जमिनीत, बिळात शिरणारा कुत्रा तो टेरियर. इंग्लंडात डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाचे एक पाद्री होते. धर्माचं काम कमी आणि कोल्ह्याची शिकार जास्त. १८१९ साली, ऑक्सफर्डला शिकत असताना, त्यांनी एका दूधवाल्याकडून पांढरी, डोळ्यांवर-कानांवर तपकिरी डाग असलेली कुत्री विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. हसू नका, साल सांगितलंय मी. आजचे जॅक रसेल हे तिचे वंशज मानले जातात. तुमच्या घरी जुन्या तबकड्या असतील, तर भोंग्यापुढे मान कलती करून बसलेला तो निपरही याच गोतावळ्यातला. पाहुण्यांच्या पोटऱ्या धरायचा म्हणून ‘निपर’. चित्रात शांत दिसतो, चित्र आहे म्हणून.

आणि तिबेटन टेरियर? तो टेरियर नाहीच. प्रवाशांनी उगाच दिलेलं नाव. तिसऱ्या रांगेतल्या ताई, तुमचा स्पिट्झही नाही. सॉरी.

आता माझा मुद्दा. मोठे शिकारी कुत्रे टोळीनं पळायला तयार केले होते. टेरियर मात्र बिळात एकटा जातो. आत अंधार, समोर कोल्हा, मालक वर जमिनीवर. विचारायचं कुणाला? स्वतःच ठरवायचं. आणि भुंकत राहायचं, म्हणजे वरच्याला कळेल कुठे खणायचं ते. आमच्या सोसायटीत दर सभेला माझ्या कुत्र्यांच्या भुंकण्याचा ठराव येतो, तेव्हा मी हेच सांगते. ते तुम्हाला खणायची जागा दाखवून राहिले! अजून कुणी खणलेलं नाही.

तर असे एकट्यानं निर्णय घेणारे चार जीव एका घरात ठेवले, की त्याला टोळी म्हणत नाहीत. ज्याच्या-त्याच्या नावावर वेगळा सातबारा असलेले चार भाऊ एका वाड्यात राहतात, तसं ते घर. आणि भांडण कशावरून होतं? सगळ्यांना वाटतं, खाण्यावरून. माझं म्हणणं, भांडण दारात होतं. आज मला एवढंच पटवून द्यायचंय. वेळ चाळीस मिनिटं दिलीय, पुरेल.

आमची चौघं सांगते, तिघांची नावं नागपुरी जेवणातली. तर्री आणि पाटोडी, जॅक रसेल, आई आणि मुलगी. सावजी, तारेसारख्या केसांचा फॉक्स टेरियर. आणि भाऊसाहेब, जो खरं तर टेरियर नाही, पण चौघांत धरलाय, पावसात फाटकाखालून आला आणि राहिला. भांडण सुरू झालं की दिवाणाखाली जायचा. आमच्या घरात डोकं त्या एकट्यालाच होतं. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर ओरडायचा, “सावजी कोण हाय जी?” आणि पूर्ण रांगेला भूक लागायची.

तर २०१३ चा मे. पारा ४७.९ वर गेला होता, आठवत असेल. आमचा कूलर मागच्या खिडकीला, बाहेर लोखंडी स्टँडवर, वाळ्याच्या ताट्यांचा. खाली पाणी ठिबकून माती कायम ओली. अख्ख्या मोहल्ल्यात तेवढीच ओली जागा, म्हणून तिथं घुशीनं घर केलं. घूस म्हणजे उंदीर नव्हे, बरं का. घूस म्हणजे छोटं डुक्कर.

चौघांना खिडकीतून वास यायचा. दिवसभर खिडकीखाली ओळीनं बसायची, थरथरत. त्यात कूलरची मोटर गेली. मेकॅनिक आला, फाटकाबाहेरून म्हणाला, “मॅडम, कुत्रे बांधा ना, मी काही अंदर येत नाही.” मी म्हटलं, मागच्या बाजूनं या, कुत्रे घरात आहेत. आमच्या यांना वाटलं, मदत करावी. गेले आणि मागचं दार उघडलं.

ते दार अडीच फुटांचं. चार कुत्री एकदम. पुढे तर्री, तिच्या खांद्याला खांदा पाटोडीचा, मागून सावजी ढकलतोय. घूस बिळातून निघाली, भिंतीवर चढली, शेजारच्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात उतरली. एकाही कुत्र्यानं पाहिली नाही! कारण तर्रीनं उंबऱ्यावरच वळून पोटच्या मुलीचा कान धरला होता. घुशीचा राग, मोटरचा राग, उन्हाचा राग, जो जवळ सापडला त्याच्यावर. पाटोडीनं मान धरली. टेरियर धरतो तेव्हा सोडत नाही, झटका देतो. उंदराची मान तशीच मोडतात.

यांनी बादलीभर पाणी टाकलं. काही फरक नाही, फक्त आम्ही ओले. मी ओरडले, तर त्यांना वाटलं मी पाठिंबा देतेय. शेवटी मूर्खपणा केला, हात घातला. बोट चावलं कुणी? सावजीनं, ज्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. अखेर यांनी कोठीचं पत्र्याचं झाकण दोघींच्या मध्ये सरकवलं. एकमेकींचं तोंड दिसेना, तशा सुटल्या. मेकॅनिक भिंतीवर उभा. “बाप्पा,” म्हणाला, “मोटर उद्या पाहतो जी.” तो उद्या पावसाळ्यात आला.

माझं बोट पंधरा मिनिटं साबण लावून नळाखाली धरलं. डॉक्टरांनी टाके घातले नाहीत. चावल्याची जखम सहसा शिवत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. कुत्र्याला लस दिलेली असूनही इंजेक्शनं घेतली. तुम्हीही घ्या. आपलाच कुत्रा आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं? अहो, आत्ता तर विषय सुरू होतोय. बरं, भराभर सांगते.

त्या दिवसानंतर तर्री-पाटोडी एका घरात राहिल्या, पण एका खोलीत कधीच नाही. पिल्लू असताना आईच्या अंगावर झोपणारी मुलगी दोन वर्षांची झाली, की गणित बदलतं. दोन माद्यांचं वैर दोन नरांपेक्षा वाईट असू शकतं, आणि एकाच वेतातली दोन पिल्लं कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. नसबंदीनं सगळं मिटतं हेही खरं नाही, पण करा.

आम्ही खोल्यांच्या मध्ये कमरेएवढी जाळीची दारं बसवली. एक बाहेर असताना दुसरी आत, दुपारनंतर अदलाबदल. कंटाळवाणं आहे, पाहुणे हसतात. बेल वाजली की प्रत्येकानं आपापल्या सतरंजीवर जायचं, तिथंच खाऊ मिळेल, हे शिकवायला आठ महिने लागले. दार उघडायचं ते नाव घेऊन, एकेकाचं. सावजीला नाव कळायचं, पटायचं नाही. जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून, आणि हाड मिळून चघळायला कधीच नाही. बाहेर जाताना जे एकमेकांना पाहून गुरगुरतात त्यांना एकत्र सोडून जायचं नाही, ‘पाच मिनिटांत येते’ असं म्हणूनसुद्धा नाही.

फिरवणं दोन-दोन करून. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, सूर्य उगवायच्या आधी, आणि आधी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून पाहा. तुम्हाला ठेवता आली नाही, तर त्यांनाही पाय ठेवता येणार नाही. उंदीर-घुशी मारणारा कुत्रा असेल, तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या रोगाची, लस विचारून घ्या. गोचिडांचा ताप आपल्याकडे कुत्र्यांना होतोच. कुत्रा दोन दिवस सुस्त, जेवत नाही, तर उन्हाळा आहे म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. खर्चाचा आकडा सांगणार होते, पण हे समोर बसलेत, त्यांना अजून माहीत नाही.

भांडण दारात का होतं, याचं शास्त्र मी दोन पानं लिहून आणलं होतं. ते राहिलं. अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. चहा बाहेर व्हरांड्यात आहे, पण या हॉलला दार एकच आहे. तेव्हा कृपा करून सगळे एकदम उठू नका, मागची रांग आधी.