बोडीतली काई

(दृश्य : मार्चमधली दुपार. गावाच्या उताराला बोडी. काठावर नालीचं तोंड.)

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातली ही बोडी, म्हणजे छोटं तळं, धानाला पाणी मिळावं म्हणून खोदलेली. घरोघरी नळ आले, मोऱ्या झाल्या, आणि गावच्या नालीला उतार मिळाला तो इकडेच. खरकटं, साबण, गोठ्यातलं गोमूत्र, सगळं इथे उतरतं. वर ही हिरवी काई. लोक म्हणतात, पाणी नासलं.

(कॅमेरा पाण्याजवळ.)

या धाग्याला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेत, पाहा. हा प्राणवायू. ऊन चढतं तसे ते वाढतात आणि काईचा थरच वर उचलून आणतात. घाण खाणारे जिवाणू याच प्राणवायूवर जगतात. ते सोडतात तो कार्बन डायऑक्साइड काईच्या कामी येतो. शिवाय सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद ती शोषून घेते. युरिया, डीएपीची पोती आणतो ती यासाठीच ना?

काई आणि जिवाणूंच्या या जोडीवर सांडपाणी कसं शुद्ध होतं, हे कॅलिफोर्नियात ऑस्वाल्ड आणि गोटास या संशोधकांनी १९५७ साली मांडलं. पुढे फूटभर खोलीची तळी बांधली गेली. तळापर्यंत ऊन पोचावं म्हणून उथळ, आणि चाकाने सावकाश फिरतं ठेवलेलं पाणी.

धानाच्या बांधीत नत्र धरणारी निळी-हिरवी शेवाळं, नॉस्टॉक, अ‍ॅनाबीना, यांचेच भाऊबंद इथेही असतात. पण पाण्यावर पोपटी रंग सांडल्यासारखा दाट थर दिसला, तर तिथे बैल पाजू नका. त्यात मायक्रोसिस्टिस हे विषारी शेवाळ असू शकतं.

(दृश्य : पहाट. मासे पाण्यावर तोंड काढतात.)

रात्री काईही प्राणवायू घेते, म्हणून पहाटे मासे असे वर येतात. आणि ती मेली, तळाशी कुजली, की शोषलेलं सगळं परत पाण्यात. तेव्हा काई वाढणं हे अर्धंच काम. ती काढली तरच पाणी सुधारतं, आणि माझ्या मते गावाने खरं लक्ष घालावं ते इथे.

(दृश्य : दोघे जाळीने थर ओढतात, पाळीवर टोपल्या.)

ही ओली काई भलती जड. म्हणून आधी पाळीवर निथळू द्यायची, उन्हात वाळवायची, मग शेणखताच्या खड्ड्यात. मात्र फक्त घरच्या सांडपाण्यावर वाढलेलीच. कारखान्याच्या पाण्यातली काई जड धातूही धरून ठेवते; ती शेतात नको.

(जाळी पुन्हा पाण्यात पडते.)