उडी मारली की एक आवाज गळतो

नमस्कार मंडळी. पोस्टरवर 'जुन्या व्हिडिओ गेम्सचं संगीत' असं वाचून पुढच्या दोन रांगांत शाळकरी मुलं येऊन बसली आहेत. त्यांना वाटतंय इथे खेळायला मिळेल. मिळणार नाही, आधीच सांगतो. आज फक्त ऐकायचंय, आणि तेही बरंचसं एकच गाणं, तुकडे करकरून.

(इथे धून वाजवली.)

तीन सुरांत ओळखलीत. 'सुपर मारिओ ब्रदर्स', जपानात १३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेला गेम. संगीत कोजी कोंदो यांचं. जन्म नागोयाचा, निंटेंडो या क्योटोतल्या गेम कंपनीत लागले १९८४ साली. म्हणजे नोकरी लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी ही धून. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची एक राष्ट्रीय यादी ठेवते, तीत २०२३ साली ही धून गेली. गेमचं संगीत त्या यादीत शिरलं ते तेव्हाच पहिल्यांदा. हे सांगून टाकलं, कारण 'पोराटोरांची टुणटुण' म्हणणारे एक-दोघे प्रत्येक सभागृहात असतात. त्यांचा मुद्दा मी पुढे घेणार आहे, तो अगदीच टाकाऊ नाही.

आता ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी पांढरी एकचा षड्ज धरा. सुरुवात आहे ग ग ग, सा ग, प, आणि मग एकदम खालच्या सप्तकातला प. एवढं कुणीही वाजवेल. पण या चालीखाली आणखी दोन आवाज आहेत, ते आपण ऐकतच नाही. वर ग वाजतोय तेव्हा मधल्या आवाजात तीव्र मध्यम आहे आणि तळाला रिषभ. घरी गेलात की रे, तीव्र म आणि वरचा ग एकत्र दाबून बघा. कानाला जरा अधांतरी वाटेल. चाल कुठल्या सुरावर टेकणार याचा अंदाज येत नाही, आणि म्हणूनच ते तीन सूर कुणीतरी खांदा हलवून उठवल्यासारखे लागतात. पुढच्या ओळीत सा येतो आणि बैठक मिळते: सा, खालचा प, खालचा ग, मग ध, नि, कोमल नि, ध. दोन निषाद पाहिलेत? खमाजात दोन्ही भेटतात, पण एक चढताना आणि एक उतरताना. इथे दोघे खेटून उभे आहेत. चालीचा सगळा खट्याळपणा त्या जागेत आहे. कोमल निषाद काढून म्हणून बघा, गाणं शाळेच्या प्रार्थनेसारखं सरळ होतं.

हे वाजवणारं यंत्र म्हणजे १९८३ साली जपानात आलेलं फॅमिकॉम, निंटेंडोचं टीव्हीला जोडून खेळायचं गेमयंत्र. त्यात रिकोह कंपनीची चिप, आणि आवाज काढायचं काम प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसवलेलं. एकूण पाच आवाज, म्हणजे पाच वादक समजा. दोन पल्स, एक ट्रायँगल, एक नॉइज, आणि पाचवा आवाजाचे छोटे नमुने वाजवणारा, जो मारिओत वापरलेलाच नाही. पल्सच्या लाटेचे चार आकार मिळतात: एक भरीव, एक अगदी बारीक, नाकातून आल्यासारखा, वगैरे. त्यांचा आवाज सोळा पायऱ्यांत कमी-जास्त होतो. ट्रायँगलला तीही सोय नाही. चालू किंवा बंद, बस. बेस म्हणून तो वापरतात. नॉइज म्हणजे नुसती खरखर, पण ती नेमक्या जागी तोडली की झांज होते, ड्रम होतो. आणि संगीत, चित्रं, नियम, सगळा गेम मिळून ४० किलोबाइट. तुमच्या मोबाइलच्या एका फोटोत असे पन्नासेक मारिओ सहज बसतील.

आता मला सगळ्यात आवडणारी गंमत. मारिओ उडी मारतो तेव्हा 'टुईंग' असा आवाज येतो. तो कुठून येणार? सहावा वादक बसलेलाच नाही. म्हणून दोन पल्सपैकी एकाला हातातलं काम टाकून उडीचा आवाज काढावा लागतो. तेवढ्या वेळात गाण्यातला त्याचा भाग ऐकूच येत नाही. उडी संपली की तो परत येतो, पण जिथे सोडलं तिथून नाही. गाणं मध्यंतरी जिथवर पोचलं असेल तिथून. आपल्याला हे जाणवत नाही, कारण उडी ज्याला उचलून नेते तो साथीचा पल्स आहे. चाल दुसऱ्याकडे आहे आणि ती सुरू राहते. मारिओत माणूस सतत उड्याच मारतो, तेव्हा ही वाटणी फार शहाणपणाची. नाणं घेतलं की मात्र चालीच्याच पल्सला उठावं लागतं. नाण्याचा आवाज ऐका: दोनच सूर, नि आणि त्याच्या वरचा ग. गाण्याच्याच सप्तकातले सूर, त्यामुळे चाल क्षणभर तुटली तरी बेसूर काही घडत नाही.

(इथे तोच भाग दोनदा वाजवला, एकदा नुसतं संगीत आणि एकदा खेळतानाचं.)

दुसऱ्या वेळी मधली भरण कशी ये-जा करत होती ते ऐकलंत ना? म्हणजे खेळणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला मारिओ थोडा वेगळा आहे. यूट्यूबवर मिळणारी स्वच्छ, अखंड धून खेळताना सहसा कुणाच्या कानी पडलेलीच नाही.

जमिनीखालच्या लेव्हलचं संगीत तर कंजूषपणाचा कळस आहे. सा, ध, कोमल नि, प्रत्येक सूर आपल्या वरच्या जुळ्यासकट, की लगेच शांतता. ड्रम नाही, भरण नाही. गाणं गप्प बसतं तिथे तुमची उडी आणि फुटणाऱ्या विटा ऐकू येतात. पाण्याखाली गेलात की तीन मात्रांची वॉल्ट्झ, कारण तिथे मारिओ पळत नाही, तरंगतो. आणि घड्याळ १०० च्या खाली आलं की तीच चाल जास्त घाईने. घाई लावायची ही युक्ती कोंदोंची नव्हे. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी चार उतरते सूर ठेवले होते. परग्रहवासी मरत जातील तसे ते सूर जवळजवळ येत जातात. चार सुरांना संगीत म्हणायचं का, यावर वाद घाला. हात घामेजतात एवढं खरं.

आता आपल्याकडे येऊ. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी जो 'टीव्ही गेम' आला, ती बहुतेक फॅमिकॉमची नक्कल होती. पिवळ्या कॅसेटवर ९९९९९९९ इन वन लिहिलेलं, आणि आत तेच दहा-बारा गेम नावं बदलून. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या दुकानात तासाच्या भाड्यावर खेळलेले लोक इथे असतील. हात वर करू नका, वय कळेल. तर या नकलांनी संगीताचं काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवायचं आणि गाण्याची लयही त्याच ठोक्यावर चालायची. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, ५० चे. पाल टीव्हीसाठी केलेल्या या नकलांमध्ये प्रोसेसरचा वेग जवळपास मूळचाच ठेवलेला असायचा. त्यामुळे पट्टी जवळजवळ तीच राहिली, पण लय एक षष्ठांशाने उतरली. शिवाय काही नकली चिपांमध्ये पल्सच्या चारपैकी दोन आकारांची अदलाबदल झालेली आहे. जिथे भरीव आवाज हवा तिथे बारीक येतो आणि बारकाच्या जागी भरीव. दोन्ही एकामागोमाग ऐकवतो.

(इथे दोन्ही धुना वाजवल्या.)

हसताय, कारण दुसरी 'खरी' वाटली. माझंही तसंच होतं. क्योटोत रचलेलं गाणं आपल्या कानात विलंबित होऊन बसलंय, आणि मूळ ऐकलं की कुणीतरी पिटाळल्यासारखं वाटतं. जाणकार लोक याला बिघाड म्हणतील. मला तो एक पाठभेद वाटतो, आणि तो जतन व्हावा असंही वाटतं, कारण ती यंत्रं आता भंगारात चालली आहेत.

आता टुणटुणवाल्यांचा मुद्दा. या संगीताबद्दल लिहिणारे लोक हमखास सांगतात की साधनं तोकडी होती म्हणून प्रतिभा फुलली. मला हे पटत नाही. त्याच चिपवर, त्याच पाच आवाजांत शेकडो गेम निघाले, आणि त्यातल्या कित्येकांचं संगीत दोन मिनिटांत टीव्हीचा आवाज बंद करायला लावतं. आठ मात्रांचा तुकडा, तोच परत, तोच परत. आई स्वयंपाकघरातून ओरडायची ते उगाच नाही. कोंदोंनी वेगळं काय केलं? चालीचे छोटे तुकडे केले, आणि मेमरीत तुकडे एकदाच ठेवून त्यांचा क्रम वेगळा लिहिला. त्यामुळे मुखडा परत येतो तेव्हा मध्ये काहीतरी घडून गेलेलं असतं. कुठलं गाणं शंभर वेळा ऐकवणार आहोत याचं भान होतं, एवढाच फरक. चिप सगळ्यांना सारखीच मिळाली होती.

युरोपात गोष्ट वेगळी होती. तिथे घरोघरी कमोडोर ६४ हा संगणक होता, १९८२ चा. त्यातली सिड नावाची चिप बॉब यानेस यांनी केली. तिला तीनच आवाज, पण वाद्यनिर्मितीची जाण असलेल्या माणसाने केलेले. तीन आवाजांत बेस, ड्रम, चाल आणि वर तीन सुरांचा कॉर्ड कसा बसवायचा? रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे ही मंडळी कॉर्डचे तीन सूर एकाच आवाजाला आळीपाळीने वाजवायला लावत, सेकंदाला ५० वेळा सूर बदलून. अंधारात पेटती काडी गरगर फिरवली की अलातचक्र दिसतं, अग्नीचं अखंड कडं. तसाच कान फसतो आणि एकच थरथरता कॉर्ड ऐकू येतो. जुन्या गेमची म्हणून जी किलबिलती झाक आपण ओळखतो, तिचा मोठा वाटा या फसवणुकीचा आहे. ही युक्ती ब्रिटिश संगीतकारांनी निंटेंडोच्या यंत्रावरही आणली. १९९० साली आलेला 'सिल्व्हर सर्फर' ऐका, टिम आणि जेफ फॉलिन या भावांचा. गेम इतका छळवादी की पहिली लेव्हल पार होत नाही, आणि संगीत असं की लोक खेळायला बसून शीर्षकाच्या पडद्यावरच थांबतात. वाईट गेमला इतकं चांगलं संगीत मिळावं हा अन्यायच, कुणावर ते मात्र ठरवता येत नाही.

'टेट्रिस'ची धून तर गेमपेक्षा कितीतरी जुनी. 'कोरोबेइनिकी' हे रशियन लोकगीत, फेरीवाल्याचं. त्याचे शब्द नेक्रासोव्हच्या १८६१ सालच्या कवितेतून आले. १९८९ च्या गेम बॉयसाठी, म्हणजे निंटेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी, ते बांधलं हिरोकाझू तनाका यांनी. हे गृहस्थ मुळात निंटेंडोत ध्वनी-यंत्रणेच्या बाजूचे, गेम बॉयच्या आवाजाच्या घडणीतही त्यांचा हात होता. आपलं वाद्य आपणच घडवून मग त्यावर वाजवणारा माणूस. पेटीवर वाजवायचं तर प, रे, कोमल ग, म, कोमल ग, रे, सा. गेम बॉयवर हेडफोन लावून ऐका, स्पीकरवर ऐकलं तर निम्मं गेलं, कारण यंत्राचा स्पीकर एकच आणि हेडफोनमध्ये स्टिरिओ आहे.

पुढच्या यंत्रांवर मी रेंगाळणार नाही. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची एफएम चिप आली, त्यावर युझो कोशिरो यांनी 'स्ट्रीट्स ऑफ रेज'मध्ये क्लबचं संगीत वाजवून दाखवलं, १९९१ साली. सुपर निंटेंडोला सोनीची ध्वनीचिप, आठ आवाज, खऱ्या वाद्यांचे नमुने. पण त्या सगळ्याला मेमरी ६४ किलोबाइट, आणि प्रतिध्वनी वापरला की त्यातलीच काही खर्ची पडायची. त्यात डेव्हिड वाइज यांनी 'डाँकी काँग कंट्री'च्या पाण्याखालच्या लेव्हलला जे केलं, ते रात्री एकट्याने ऐका, इथे नको. त्याच वर्षी, १९९४ मध्ये, नोबुओ उएमात्सु यांनी 'फायनल फँटसी ६'मध्ये अख्खा ऑपेराचा प्रवेश घातला, गायकांऐवजी एक भुंकल्यासारखा सिंथ. कथा माहीत असेल तर डोळ्यांत पाणी येतं, नसेल तर हसू येतं. दोन्ही प्रतिक्रिया मी या कानांनी ऐकल्या आहेत.

या मंडळींची नावं त्या काळी पडद्यावर धड येतही नसत. कॅपकॉम या गेम कंपनीत टोपणनावं चालत. 'मेगा मॅन'च्या पहिल्या भागाचं, १९८७ सालचं संगीत मानामी मात्सुमाए यांचं, 'स्ट्रीट फायटर २'मधलं बरंचसं योको शिमोमुरा यांचं. बायकांनी रचलेल्या चाली भांडणाऱ्या पोरांनी वर्षानुवर्षं गुणगुणल्या आणि कुणी रचल्या ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता दिवस पालटले. २०२१ साली तोक्यो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन जपानी गेम्सच्या संगीतावर झालं. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन मैदानात आले तेव्हा मागे हेच वाजत होतं.

वाजत होतं अर्थात ऑर्केस्ट्रावर. ते भव्य होतं, मी नाही म्हणत नाही. पण साठ वादकांनी एक चाल उचलली की तिचे कोपरे भरून जातात. तीन आवाजांत प्रत्येक सुराला काम असतं, आणि एक गेला तर भोक पडतं. ते भोक मला ऐकायचं असतं. म्हणून घरी ऐकायचं तर असं करा: यूट्यूबवर ऑसिलोस्कोप व्ह्यू म्हणून व्हिडिओ मिळतात, त्यात प्रत्येक आवाजाची लाट वेगळ्या पट्टीत दिसते. पहिल्यांदा चाल सोडून द्या, ती पाठच आहे. फक्त ट्रायँगलच्या पट्टीवर डोळा ठेवा आणि तेवढाच ऐका. मग मधला पल्स. नॉइज शेवटी. सुरुवात 'मेगा मॅन २'पासून करा, मारिओ आज खूप झाला. तोच आता लावतो, आणि तो वाजत असतानाच प्रश्न विचारा. आवाज एखादा गळला तर चालेल.