वर्षाला एक रुपया: बोईसरच्या भूखंडांची गोष्ट

[दृश्य: बोईसर स्टेशन, सकाळची पाळी. डहाणू लोकल फलाटाला लागते.]

विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती २०१३ साली. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात गेटपास. स्टेशनबाहेर रिक्षा भरतात आणि एमआयडीसीची वाट धरतात.

पाटीवर तारापूर औद्योगिक क्षेत्र असं लिहिलंय. किल्ल्याचं तारापूर गाव मात्र उत्तरेला, चिंचणीच्या शेजारी. कारखाने उभे आहेत ते बोईसरला, पास्थळ, सालवड, कुंभवली, कोलवडे या गावांच्या शिवारात.

[दृश्य: क्षितिजावर अणुवीज केंद्र, लांबून.]

केंद्राचं चित्रण जवळून करता येत नाही, तेव्हा एवढ्यावरच भागवू. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी इथल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर चालू झाल्या. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या; त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. शेजारी वीज तयार होते म्हणून ती थेट कारखान्यात येते, असं नाही. ती ग्रिडमध्ये जाते. केंद्राभोवती पाच किलोमीटरच्या आत नव्या वाढीवर बंधनं असतात, आणि सोळा किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्रात ही अख्खी वसाहत येते. अधूनमधून रंगीत तालीम होते. भोंगा वाजतो, लोक बघतात, पुन्हा कामाला लागतात.

[दृश्य: भूखंडाचा कोपरा. मोजणीदार टेप ताणतो. हद्दीचा दगड.]

आता मूळ गोष्ट. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालं. महामंडळाच्या वसाहतीत उद्योजक जमीन विकत घेत नाही, भाडेपट्ट्याने घेतो. आधी अर्ज आणि प्रकल्प अहवाल. मग देकारपत्र, म्हणजे भूखंड देऊ केल्याचं पत्र. ठरलेल्या अधिमूल्याचा, म्हणजे भूखंडासाठीच्या ठोक रकमेचा, भरणा एकदाच. हा आकडा लहान नसतो. पैसे भरले की मोजणीदार येतो, चारही कोपरे दाखवतो आणि ताबा पावतीवर सह्या होतात. ही पावती हातात पडली की नव्या उद्योजकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. बघाच.

[दृश्य: ताबा पावती, शाई अजून ओली. थोडा वेळ आवाज नाही.]

त्यानंतर घड्याळ सुरू होतं. नकाशे मंजूर करून घ्यायचे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती आणायची. रसायनाचा कारखाना असेल तर तो लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, वर्गात मोडतो. पाण्याची जोडणी घ्यायची, ते पाणी सूर्या नदीचं. ठरलेल्या मुदतीत बांधकाम उभं राहिलं नाही, तर मुदतवाढीचे पैसे भरावे लागतात आणि भूखंड परतही जाऊ शकतो. जमीन अडवून बसणाऱ्यांना हा नियम जाचतो. जाचलाच पाहिजे. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाला की अंतिम करार होतो: मुदत ९५ वर्षं, वार्षिक भाडं एक रुपया.

[दृश्य: रंगांचे पिंप, औषधांच्या गोळ्यांचं यंत्र, कापडाचे तागे, पोलादाची भट्टी. झटपट तुकडे.]

रंग, औषधं, कापड, पोलाद. याच कराराच्या जोरावर बँकेने कर्ज दिलं, कर्जावर यंत्रं आली आणि यंत्रांमागे बोईसरची बाजारपेठ वाढली, भाड्याच्या खोल्या वाढल्या, रात्री उशिरापर्यंत चालणारी खानावळ आली.

[दृश्य: सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. नवापूरचा किनारा, होड्या.]

सांडपाणी प्रक्रिया करून वाहिनीतून नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. मच्छीमारांनी हरित लवादात धाव घेतली, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर गंभीर प्रदूषित क्षेत्र ठरलं, २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर भरपाई बसवली. आता प्रक्रियेची क्षमता वाढवली आहे.

[दृश्य: जुन्या कारखान्याचं फाटक. रंगारी जुनं नाव खरवडून नवं लिहितोय.]

बोईसरला मोकळा भूखंड आता सहजी मिळत नाही. नवा माणूस येतो तो जुना कारखाना घेऊन. त्यासाठी महामंडळाची परवानगी लागते आणि हस्तांतरण शुल्क भरावं लागतं. मुदत मात्र नव्याने सुरू होत नाही. १९७५ चा करार असेल तर तो २०७० मध्ये संपणार, मधे मालक कितीही बदलोत. कर्ज देताना बँकेचा अधिकारी आधी हेच विचारतो: पट्ट्याची किती वर्षं उरलीत?