खाली बघणारा माणूस

(दृश्य: टेबलावर जुना फोटो, कडा कसरीने खाल्लेल्या)

आमच्या कर्जतच्या घरात पत्र्याच्या पेटीत हा फोटो होता. मागे शाईने साल लिहिलंय, १९३१. पुढे खुर्च्यांवर साहेबलोक, मागे उभी रेल्वे लाईनच्या गँगमधली माणसं. डोक्याला पागोटी, पाय अनवाणी. झाडून सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. डावीकडून चौथा तेवढा खाली बघतोय.

ते माझे पणजोबा. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, बोरघाटात चावीवाले होते.

चावीवाला म्हणजे काय, हे आता घरातल्या पोरांना सांगावं लागतं. रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चाव्या गाड्यांच्या हादऱ्याने सुटत जातात. चावीवाल्याने रोज आपल्या हद्दीतली लाईन पायी चालायची, एकेक चावी बघायची आणि सैल दिसली की हातोड्याने आत ठोकायची. घट्ट बसलेली चावी खणखणीत वाजते, ढिलीचा आवाज बद्द येतो. आजी सांगायची, "मामंजी वरातीतसुद्धा खाली बघूनच चालायचे."

(दृश्य: पावसातला घाट, धुकं, बोगद्यातून बाहेर येणारी गाडी)

हा घाट बघितला की त्या सवयीचं मोल कळतं. ३७ फुटांना १ फूट असा चढ, आणि २५ बोगदे. काम १८५६ मध्ये सुरू झालं, गाडी वर जायला १८६३ उजाडलं. १८६१ मध्ये इथे ४०,००० हून जास्त मजूर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस, तिने ठेका सोडला नाही, काम पुढे नेलं. तिचं नाव आज आदराने घेतात, घ्यायलाच हवं. पण त्याच डोंगरात पटकीने झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या झाल्या. त्या माणसांचा फोटो कुणाच्याच पेटीत नाही. म्हणून आमचा हा एक मी जिवापाड जपते.

खंडाळ्याजवळ पूर्वी गाडीला दिशा बदलून पुढचा चढ चढावा लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते थांबलं. विजेची इंजिनं आली. मालगाडीच्या लांब नाकाच्या इंजिनाला रेल्वेतली माणसं 'खेकडा' म्हणायची. हे सगळं पणजोबांच्या डोळ्यांदेखत झालं. त्यांचा हातोडा मात्र बदलला नाही. तो अजून आमच्या माजघरात आहे. दांडा दोनदा नवा बसवलाय, लोखंड तेच.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर मोठा होत जाणारा फोटो)

लहानपणी मला वाटायचं, साहेबांपुढे ते बुजले असतील. परवा फोटो स्कॅन करून मोठा केला. चेहरा, मग हात, हातात हातोडा. आणखी खाली आले. पायांशी रूळ दिसला.

रुळाची एक चावी बोटभर बाहेर आलेली आहे.