फोन कर्मचाऱ्याचा, माहिती ठेवीदाराची

(नागरी सहकारी पतसंस्थांच्या शाखाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

कर्जप्रकरण कसं येतं हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. अर्जदार काउंटरवर उभा असतो, झेरॉक्स आणायची राहिलेली असते. मग क्लार्क आपल्याच फोनवर आधार, पॅन, सातबारा यांचे फोटो काढतो आणि शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. काम दोन मिनिटांत उरकतं. पण त्या फोटोंचं पुढे काय होतं ते बघा. एक प्रत क्लार्कच्या गॅलरीत राहिली. बॅकअप चालू असेल तर दुसरी त्याच्या खासगी गूगल खात्यात गेली. ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या फोनवरही ती उतरली. त्यांतला एक जण वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेलाय, त्याला ग्रुपमधून काढायचं राहून गेलंय. दुसऱ्याने तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतलाय. अर्जदाराने कागद संस्थेच्या विश्वासावर दिले होते. आता ते कुठे कुठे आहेत, हे संस्थेतलं कोणीच सांगू शकत नाही.

यात क्लार्कला दोष देऊ नका. संस्थेने त्याला दुसरी सोयच दिलेली नाही. स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा पॅक वापरून तो संस्थेचं काम करतोय. ही जोखीम सांभाळणं संस्थेचं काम आहे, आणि मला आज तेच सांगायचं आहे.

खासगी यंत्रावरून केवढं नुकसान होऊ शकतं, याचं उदाहरण लास्टपासचं. लोकांचे पासवर्ड सांभाळून ठेवणारी ही अमेरिकन कंपनी. ग्राहकांच्या बॅकअपच्या किल्ल्या जिथे ठेवलेल्या होत्या, तिथपर्यंत फक्त चार इंजिनिअरांना जाता येत होतं. २०२२ मध्ये हल्लेखोरांनी कंपनीची भिंत फोडत बसण्यापेक्षा त्या चौघांतल्या एकाचा घरचा कॉम्प्युटर गाठला. त्यावर प्लेक्स होतं, घरातले सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर. त्यातली त्रुटी २०२० मध्येच दुरुस्त झाली होती, पण या कॉम्प्युटरवर अपडेट घेतलेलं नव्हतं. हल्लेखोर तिथून आत शिरले आणि दाबलेलं प्रत्येक बटण टिपणारा प्रोग्रॅम बसवून बसले. इंजिनिअरने दुहेरी पडताळणी रीतसर पूर्ण केली, आणि त्याचा मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकीचे सगळे पासवर्ड उघडणारा एकच पासवर्ड, त्यांच्या हाती लागला. कंपनीच्या आतल्या यंत्रांवर कितीही पहारा असला, तरी सिनेमे बघायच्या घरच्या कॉम्प्युटरवर तो नव्हता.

उलट बाजूचं उदाहरण ओक्टाचं. इतर कंपन्यांच्या लॉगिनची व्यवस्था सांभाळणारी ही अमेरिकन कंपनी. तिथे लॅपटॉप कंपनीचाच होता, पण कर्मचाऱ्याने त्यावरच्या क्रोममध्ये आपलं खासगी गूगल खातं उघडलं होतं. कामाच्या एका खात्याचा पासवर्ड त्या खासगी खात्यात जतन झाला. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच पासवर्डने कोणीतरी मदत-विभागाच्या यंत्रणेत शिरलं आणि १३४ ग्राहकांच्या फायलींपर्यंत पोचलं. म्हणजे यंत्र कोणाच्या मालकीचं, एवढंच बघून भागत नाही. त्यावर खासगी आणि कामाचं एकत्र झालंय का, हे बघावं लागतं.

आता आपल्या शाखेकडे येऊ. वायफायचा पासवर्ड बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि तो राउटरवर चिकटवलेला असतो. त्याच नेटवर्कवर खातेनोंदीचे कॉम्प्युटर, वसुली अधिकाऱ्याचा फोन आणि पाहुण्याचा लॅपटॉपही. लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलानच्या नावाने येणाऱ्या एपीके फायली, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणाऱ्या फायली, तुम्ही पाहिल्या असतील. अशी एखादी फाईल उघडून परवानग्या दिल्या की ती फोनमधले एसएमएस वाचते. संस्थेच्या प्रणालीचा ओटीपी त्याच फोनवर येत असेल तर तोही गेला. म्हणून खासगी फोनांसाठी गेस्ट वायफाय वेगळं ठेवा. साध्या राउटरांतही ही सोय बहुधा असते. गेस्टवरून आतले कॉम्प्युटर दिसत नाहीत ना, हे मात्र जोडणाऱ्या माणसाला तुमच्यासमोर तपासून दाखवायला लावा.

फोनवर काम करायचंच असेल तर अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल आहे. २०१४ पासून आहे, पण आपल्याकडे फारसं कोणी वापरत नाही. फोनमध्ये कामाची वेगळी खोलीच तयार होते म्हणा. कामाच्या अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसची खूण येते. तिथली फाईल खासगी गॅलरीत जाऊ न देणं, तिथला मजकूर कॉपी करून बाहेर चिकटवू न देणं हे संस्था ठरवू शकते. फोन हरवला किंवा माणूस नोकरी सोडून गेला तर संस्था तेवढाच भाग पुसते. लेकीच्या वाढदिवसाचे फोटो, घरच्यांचे मेसेज यांना संस्थेचा हात लागत नाही, ते तिला दिसतही नाहीत. हे कर्मचाऱ्यांना फोन हातात घेऊन प्रत्यक्ष दाखवा. ‘संस्था माझ्या फोनमध्ये डोकावणार’ ही भीती खरी आहे, आणि ती दूर केल्याशिवाय कोणी मनापासून सहकार्य करणार नाही. वर्क प्रोफाइलसाठी लागणारी व्यवस्था गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या काही योजनांत मिळते. आयफोनवरही अशी विभागणी होते. ज्या फोनला सुरक्षा अपडेट येणं बंद झालंय, त्यावर मात्र कामाची परवानगी देऊ नका.

सर्ट-इन ही सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवाव्या लागतात. वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आता विचार करा, एसटीत फोन चोरीला गेलेला तुमचा वसुली अधिकारी साहेब ओरडतील म्हणून दोन दिवस गप्प बसला, तर तुम्ही काय करणार? फोन हरवल्याचं लगेच कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे लेखी द्या. रात्री अकरा वाजता फोन करायचा तर कोणाला, तो नंबरही त्याच कागदावर असू द्या.

शेवटचं मागणं संचालक मंडळाकडे आहे. ज्यांच्याकडे प्रणालीचे अ‍ॅडमिन अधिकार आहेत किंवा जे मोठ्या रकमा पास करतात, असे लोक एका संस्थेत चार-पाचच असतात. त्यांना खासगी फोनवरून किंवा घरच्या कॉम्प्युटरवरून ते काम करूच देऊ नका. संस्थेने त्यांना स्वतंत्र यंत्र घेऊन द्यावं, आणि त्यावर दुसरं काहीही नसावं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा खर्च घाला. लागणाऱ्या यंत्रांची यादी शाखाधिकाऱ्यांनीच करून द्यावी, कारण कोण काय पास करतं हे तुम्हालाच नेमकं ठाऊक आहे.